आधी कोण, नंतर कोण

तांबेताई कोणताही कागद मागून पुढे वाचत. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात, रसायनशास्त्र विभागात त्या प्रयोगशाळा सहायक होत्या, आणि पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात काचसामानाच्या अनामत रकमेचा फॉर्म त्यांनीच माझ्या हातात दिला. मी नाव, वर्ग, हजेरी क्रमांक लिहिला, सही केली आणि परत केला. एवढ्याला अर्धं मिनिट लागलं असेल. वेगाचा मला तेव्हा अभिमान होता. ताईंनी फॉर्म उलटा केला आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. सिल्व्हर नायट्रेटने काळवंडलेलं बोट.

"हे वाचलंस?"

"नाही."

"ब्युरेट फुटली तर भरपाई तुझी. शेजारणीने फोडली नि ती पळाली, तरी तुझी. सही केलीस ना गो आता?" मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बाय माझे, पुढच्या पानावर सगळेच नमस्कार करतात. चावरा कुत्रा मागच्या अंगणात बांधलेला असतो."

पुढच्या तीन वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकलं. ते विद्यार्थ्यांना होतं, विभागप्रमुखांना होतं, यंत्रं विकायला येणाऱ्या कंपनीच्या माणसालाही होतं. तो बिचारा रंगीत माहितीपत्रक उघडायचा आणि ताई ते त्याच्या हातातून घेऊन सरळ शेवटचं पान काढायच्या. "वॉरंटीत काय काय बसत नाय, तेवढं सांग. बसतं ते मला दिसतंय."

त्या उंच, हडकुळ्या होत्या. सुती साडीला खांद्यावर पिन, पायात रबरी चपला, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी केलेलं द्रावण पुन्हा तपासण्याची गरज नसे. प्राध्यापक मात्र तपासत आणि आकडा जुळला की "ठीक आहे" म्हणत. "ठीक असणारच, मी केलंय," असं ताई म्हणत. पण हे त्या प्राध्यापक दाराबाहेर गेल्यावर म्हणत. बारावीला विज्ञान शाखेत गेलेली त्यांच्या वस्तीतली पहिली मुलगी त्याच. वडील मिरकरवाडा बंदराकडच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. ते गेले आणि ताईंचं शिक्षण तिथेच थांबलं. पुढे आईही गेली. मधला भाऊ प्रकाश नोकरीला मुंबईला गेला तो तिथलाच झाला. धाकटा मिलिंद ताईंकडे राहिला. 'ताईंकडे राहिला' हे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात त्याला दुसरीकडे कुणी ठेवणारच नव्हतं.

मिलिंदला डाऊन सिंड्रोम होता. मी कॉलेजात आले तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता आणि समज चार-पाच वर्षांच्या मुलाएवढी. त्याला घरी एकटं ठेवता येत नसे, म्हणून तो ताईंबरोबर कॉलेजात येई. प्राचार्यांची लेखी परवानगी नव्हती. दरवर्षी नवे प्राचार्य तोंडाने "असू दे" म्हणत आणि ताईंना त्या 'असू दे'वर वर्ष काढावं लागे. भांडारखोलीत स्टुलावर बसून तो परीक्षानळ्यांचे लाकडी स्टँड फडक्याने पुसे. कुणीही आत आलं की हात पुढे करी, "तुजा नाव काय?" नाव कळेपर्यंत हात सोडत नसे. पहिल्या भेटीत ताईंनी त्याला सांगितलं, "सोड रे तिला, तिची परीक्षा हाय." तेव्हापासून मी त्याच्यासाठी 'परीक्षा' झाले ती कायमची. "परीक्षा आली!" असं तो जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडे, आणि सगळा वर्ग हसे. मीही हसत असे, कारण परीक्षेत मी पहिली येत होते.

येणारे-जाणारे मिलिंदकडे पाहून "देवाचं लेकरू" म्हणत. ताईंना हा शब्द मुळीच चालत नसे. "देवाचं असेल तर देवाने सांभाळावं. रेशनकार्डावर तो माझ्या हाय." घरात तसबीर होती ती बाबासाहेबांची आणि बुद्धाची, देवाकडे काही मागायची सवय त्या घराला नव्हती. तरीही त्यांची एक मागणी होती, आणि ती कुणाकडे करायची हे ठाऊक नसल्यामुळे त्या ती कुणालाही ऐकवत. मला त्यांनी ती ऐकवली तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली भरत होते.

"माझी एकच इच्छा हाय. हा माझ्या एक दिवस आधी जावा."

मी बाटली खाली ठेवली. "ताई, असं काय बोलता?"

"कसं बोलू? गोड बोलू? मी गेले तर त्याच्या ताटात कोण वाढेल, ते तू सांग. सांग ना. मग मी गोड बोलते."

मी पुन्हा बाटली भरायला घेतली. लग्नाबद्दलही एकदा मी बालिशपणे विचारलं होतं. "स्थळं आली गो," त्या म्हणाल्या. "चांगली होती. पण सगळी एका माणसासाठी आली. आम्ही दोघं होतो."

दुसऱ्या वर्षी एकदा मी त्यांच्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेले. मिलिंदच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. त्या प्रमाणपत्रावर ताईंना आयकरात सवलत मिळे. ते नसेल तर ऑफिसातले हेडक्लार्क सवलत मांडत नसत. मिलिंदला घेऊन स्वच्छतागृहाकडे जायचं तर रांगेत जागा धरायला कुणीतरी हवं, म्हणून मी गेले होते. तीन तासांनी आमचा नंबर लागला. डॉक्टरांनी विचारलं, "पाच आणि तीन किती?" मिलिंदने हात पुढे केला. "तुजा नाव काय?" डॉक्टर चांगला माणूस होता, त्याने नाव सांगितलं, हात हलवला आणि मागच्या खेपेचीच टक्केवारी लिहिली. मुदत पुन्हा पाच वर्षं.

"पाच वर्षांनी जास्तीचं गुणसूत्र कमी होणार आहे का?" मी बाहेर आल्यावर चिडून म्हणाले.

"तू नको चिडू. चिडून नंबर पुढे येत नाय." ताई मिलिंदच्या शर्टाचं बटण लावत होत्या. "जगात ही एकच परीक्षा बघ. नापास व्हायला पोराला आंघोळ घालून, इस्त्रीचा शर्ट चढवून न्यायचं. आणि एकदा नापास होऊन भागत नाय."

शेवटच्या वर्षाला मी असताना विमा एजंट आला. विभागातल्या प्राध्यापकांना त्याने पेन दिली आणि ताईंना एक योजना दिली. ती अशी होती: अपंग व्यक्तीला सांभाळणाऱ्या नातेवाइकाने दरवर्षी हप्ता भरायचा, त्या बदल्यात त्याचा आयकर कमी होणार, आणि तो नातेवाईक मेल्यावर त्या अपंग व्यक्तीला दरमहा ठरावीक रक्कम मिळणार, ती जिवंत असेपर्यंत. भरणाऱ्याला हयातीत त्यातला पैसाही काढता येत नाही. म्हणजे ताईंनी मरायचं आणि मिलिंदच्या ताटात वाढलं जायचं. त्या ज्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे मागत होत्या, ते उत्तर कुणीतरी छापून आणलं होतं.

ताईंनी ते कागद एजंटाकडून घेतले, तराजूखोलीत माझ्यासमोर ठेवले आणि सवयीप्रमाणे शेवटचं पान काढलं.

"हे बघ. 'अवलंबित व्यक्ती विमाधारकाच्या आधी मरण पावल्यास.' म्हणजे तो आधी गेला तर. भरलेले हप्ते परत देणार म्हणतायत, आणि पुढे काहीतरी कराचं लिहिलंय. ते काय हाय?"

मी पान वाचलं. वाचलं म्हणजे नजर फिरवली. "ताई, हे प्रत्येक योजनेत असतं. तुम्ही सत्तेचाळीस, तो छत्तीस. अकरा वर्षांचं अंतर आहे. बाई जास्त जगते हे धरलं तरी तुम्हीच आधी जाणार."

"तोंडाला लगाम नाय तुझ्या," त्या हसून म्हणाल्या. मग पुन्हा त्या ओळीवर बोट. "पण गेला तर?"

"संभाव्यता फार कमी आहे."

त्यांचा कल पोस्टातल्या साध्या ठेवीकडे होता. ती त्यांच्या नावावर राहणार होती, हवी तेव्हा मोडता येणार होती. मी ती कल्पना मोडून काढली. दोन रात्री बसून तक्ता केला: एका रकान्यात पोस्टाची ठेव, दुसऱ्यात ही योजना, तिसऱ्यात दरवर्षी वाचणारा कर. योजना जिंकली, आणि ती बऱ्याच फरकाने जिंकली. मी तो तक्ता रंगीत छापून आणला. ताईंनी तो मागून वाचला नाही, कारण त्याला मागची बाजू नव्हती. "तू शिकलेली. तू म्हणतेस तर भरते," असं म्हणून त्यांनी एजंटाला होकार दिला. माझ्या माहितीत, दुसऱ्याच्या वाचनावर विसंबून त्यांनी सही केली ती एवढीच.

हा तक्ता करणाऱ्या मुलीने बारावीला जीवशास्त्र घेतलं होतं. एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत, तिची आकृती, आईच्या वाढत्या वयाशी तिचं नातं. त्या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. हृदयाचे जन्मजात दोष, श्वसनाचे वारंवार होणारे संसर्ग, लवकर येणारं म्हातारपण, हे त्या पुस्तकात त्याच पानावर होतं आणि तिने ते पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. मिलिंदचे ओठ जिना चढल्यावर निळसर होतात हे ती तीन वर्षं रोज पाहत होती. तरीही तिच्या तक्त्यात माणसाचं वय होतं आणि माणूस नव्हता. त्याच्या मरणासाठी मी एकही ओळ ठेवली नव्हती. मला ते अशिष्ट वाटलं असेल अशी सबब आज देता येईल, पण ती खरी नाही. ती ओळ घातली असती तर निकाल इतका स्वच्छ आला नसता, आणि मला स्वच्छ निकाल आवडत. पुढे एका शिष्यवृत्तीच्या अर्जात 'विज्ञानाचा समाजासाठी उपयोग' या मथळ्याखाली मी त्याच तक्त्याचा उल्लेख केला. शिष्यवृत्ती मिळाली.

मी पुण्याला गेले, मग संशोधनासाठी हैदराबादला. ताईंचा फोन वर्षातून दोनदा ठरलेला. जानेवारीत, ऑफिस गुंतवणुकीचे पुरावे मागे तेव्हा. आणि जुलैत, आयकराचं विवरणपत्र भरायचं असे तेव्हा. मी ते इथून भरत असे आणि त्या तिकडून आकडे वाचून दाखवत. मागून मिलिंदचा आवाज येई, "परीक्षा हाय? परीक्षा?" एका वर्षी प्रमाणपत्राची मुदत पुन्हा संपली आणि नवं मिळेपर्यंत ती सवलत गेली. आणखी एका वर्षी ऑफिसने कुठल्यातरी परिपत्रकाला उत्तर आलं नाही म्हणून त्यांना नव्या करप्रणालीत टाकलं, जिथे ही सवलतच नव्हती. मी विवरणपत्रात ते सुधारू शकले असते, पण माझा प्रबंध चालू होता आणि मी मुदत उलटल्यावर ते पाहिलं. हप्ता मात्र ताईंनी एकदाही चुकवला नाही. मध्यंतरी नियम थोडा सैल झाला. भरणाऱ्याची साठी उलटली की त्याच्या हयातीतच अपंग व्यक्तीला पैसे मिळायची वाट मोकळी झाली. मी ते उत्साहाने कळवलं. "बरं, साठीपर्यंत दोघांनी टिकायचं म्हणजे," ताई म्हणाल्या. "सांगते त्याला."

पैसे मिळण्याची सोय झाली तरी ते घेणार कोण, हा प्रश्न उरत होताच. मिलिंदला सही येत नव्हती, आणि सज्ञान माणसाच्या नावाने दुसऱ्या कुणी व्यवहार करायचा तर कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. ताई होत्या तोवर ताई होत्या. त्यांच्यानंतर कोण, हे नाव त्यांना आपल्या हयातीत कागदावर हवं होतं. त्यांनी प्रकाशला विचारलं. तो गणपतीला आला होता, बायकोच्या माहेरच्या गावी जाताना दोन तास ताईंकडे थांबला होता. मीही त्या दिवशी तिथे होते.

"मी आहे ना, ताई," प्रकाश म्हणाला.

"आहेस ते दिसतंय. सही कर."

"सहीचं काय एवढं? आपल्या घरातली गोष्ट."

"घरातली म्हणून तर तुला सांगते. घराबाहेरच्याला सांगितलं असतं तर त्याने आत्तापर्यंत केली असती."

"आमचं तिकडे दहा बाय बाराचं घर, ताई. उद्या सरकारी माणूस तपासायला आला, कुठे झोपवता विचारलं, तर?"

"तर सांग, बहिणीने जिथे चाळीस वर्षं झोपवलं तिथेच. ही खोली तुझ्या नावावर करते. ये इथे."

प्रकाशने घड्याळ पाहिलं. मिलिंदने त्याचा हात धरला होता. "तुजा नाव काय?" सख्ख्या भावाने नाव सांगून हात सोडवून घेतला.

तो गेल्यावर ताईंनी चहाचे कप विसळले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू होशील का गो?"

मला ते अनपेक्षित होतं असं मी म्हणणार नाही. गेले दोन तास मी त्याच प्रश्नाची भीती धरून बसले होते. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत माझा अर्ज गेला होता. तेवढंच सांगितलं असतं तरी प्रामाणिक ठरलं असतं. पण मी नियमाचा आडोसा घेतला. नातेवाईक हयात असताना जिल्ह्याच्या समितीने परक्या व्यक्तीला मान्यता देणं कठीण, जवळ राहणाऱ्याला प्राधान्य, माझा कायमचा पत्ता अनिश्चित. मी मुद्देसूद बोलले. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"नाय म्हणायला एवढे कागद लागत नाय," त्या म्हणाल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. पालकाच्या नावाचा रकाना कोराच राहिला आणि अर्ज जिल्ह्याच्या कार्यालयात गेलाच नाही.

मिलिंद गेला तो थंडीत. साधा खोकला, मग ताप, मग छातीत कफ. रत्नागिरीतून कोल्हापूरला हलवायचं ठरलं, आणि हलवायच्या आधीच पहाटे गेला. त्याचं वय पंचेचाळीस होतं, ताईंचं छप्पन्न. साठीला चार वर्षं होती. त्यांची मागणी पुरी झाली होती. एक दिवस मागितला होता, किती वर्षं मिळाली ते अजून ठरायचं आहे.

मी तिसऱ्या दिवशी पोचले. प्रकाश आला होता. माणसं बसली होती, आणि अशा वेळी कुणीतरी जे बोलतंच ते तो बोलला. "सुटलीस गो ताई तू."

ताईंनी मान वर केली. "मी कुठली सुटले? सुटलास तू. तुला आता गणपतीत वाकडी वाट करून यायला नको."

प्रकाश संध्याकाळच्या गाडीने गेला. पण महिन्याभराने त्याचा ताईंना फोन आला: "ते विम्याचे पैसे आता मोकळे झाले असतील ना?" मुलाच्या प्रवेशाची अडचण होती म्हणे. ताईंनी त्याला काय उत्तर दिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या की फोन लवकर संपला.

पैसे खरोखरच मोकळे झाले होते. भरलेले सगळे हप्ते विमा कंपनीने ताईंच्या खात्यात जमा केले, पत्रासह. पत्रात सहवेदना होती. जुलैत मी रत्नागिरीला आले होते, म्हणून विवरणपत्र भरायला लॅपटॉप घेऊन त्यांच्या नाचणे रोडच्या खोलीत गेले. मी त्या वेळपर्यंत समजत होते की परत आलेला पैसा हा परत आलेला पैसा असतो. सवयीने नियम उघडला. नऊ वर्षांपूर्वी तराजूखोलीत ज्या ओळीवर ताईंचं बोट होतं, ती ओळ आता मी पहिल्यांदा पूर्ण वाचली. अवलंबित व्यक्ती आधी मरण पावल्यास, भरलेली रक्कम ही ती परत मिळेल त्या वर्षीचं भरणाऱ्याचं उत्पन्न मानली जाईल.

उत्पन्न. सगळे हप्ते, एकाच वर्षात, पगाराच्या वर. मी आकडे घातले. वरच्या टप्प्यात गेलेला कर खाली दिसला: महिन्याच्या पगाराहून थोडाच कमी. नऊ वर्षं थेंबाथेंबाने वाचवलेला कर, त्यातली दोन वर्षं तर वाचलाच नव्हता, सरकारने एका घोटात परत घेतला होता. नियमाला तर्क आहे. तो मी समजू शकते. सवलत ज्या कारणासाठी दिली ते कारण उरलं नाही, म्हणून सवलत परत. समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळतात. फक्त 'कारण उरलं नाही' याचा अर्थ भिंतीला टेकवलेली रिकामी गादी असा होतो, आणि ते समीकरणात दिसत नाही.

मी हे ताईंना सांगितलं. सांगताना माझा आवाज व्याख्यानासारखा झाला होता हे मला ऐकू येत होतं.

ताई खाली बसून मुळ्ये साफ करत होत्या. पातेल्यात पाणी, पाण्यात खाडीतल्या त्या शिंपल्या. "म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "सरकारच्या वहीत, माझ्या सगळ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त कमावलं ते माझा भाऊ मेला त्या वर्षी."

"ताई, एक करता येईल. दोन वर्षांची सवलत मिळालीच नव्हती, त्या हप्त्यांवरचा कर आपण वादात टाकू. उत्तर मी लिहिते."

"आणि त्यात काय काय लिहावं लागेल?"

"त्याचं प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला, आणि..."

"पुन्हा त्याला रांगेत उभा करायचा." त्यांनी शिंपली पाण्यात टाकली. "नको. भर."

"माझ्या ओळखीचा एक जण म्हणतो की दाखवलंच नाही तर कुणी विचारणारही नाही."

"तो नाय विचारणार. मला माहीत हाय ना पैसा कशाचा." मग पुढची शिंपली उचलून, "लपवायला तो चोरीचा नाय."

मी कर भरला. मग जे कधीचं बोलायचं होतं ते बोलले: की तो तक्ता चुकीचा होता, की त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं होतं आणि मी ते बाजूला सारलं, की पोस्टातली ठेव असती तर निदान हे झालं नसतं, की कराची रक्कम मी द्यावी असं मला वाटतं. मी हे सगळं नीट क्रमाने सांगितलं. ताईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुझा तक्ता बरोबर आला असता, तर काय झालं असतं ते सांगू?" त्या म्हणाल्या. "मी गेले असते. हा मागे राहिला असता. दर महिन्याला त्याच्या नावाने पैसे आले असते, बरोबर तारखेला. आणि हा इथे बसून दारातून जाईल त्याला नाव विचारत राहिला असता. ते पैसे उचलायला सही कोणाची होती गो? प्रकाशची? तुझी?"

मी चूक मोजत होते ती एका फांदीवर. ताईंनी दुसरी फांदी दाखवली, आणि तिच्या टोकालाही माझ्याच नावाची जागा कोरी होती.

"म्हणून म्हणते, तक्त्याचं वाईट वाटून घेऊ नको," त्या म्हणाल्या. "आकडे चुकतात. मला त्याचं काय नाय."

मुळ्यांची आमटी त्यांनी मला वाढली, स्वतःही जेवल्या. निघताना रिक्षापर्यंत सोडायला आल्या. एवढी वर्षं मला त्या रस्त्यावर मिलिंदच्या हातातून हात सोडवून घ्यायला वेळ लागे, तो वेळ आता शिल्लक होता आणि आम्हा दोघींना त्याचं काय करावं हे कळत नव्हतं. रिक्षा सुरू होताना त्या वाकून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तू त्रास घेऊ नको. मी बघितला तो फॉर्म. माझा मी भरीन. आता सोपा झालाय."

"कसा?"

"अवलंबित व्यक्तीचा रकाना सोडून द्यायचा. बाकी काय, पगार तर ऑफिसच लिहून देतं."

त्यांनी तो भरला असणार. त्यांच्या हातून कुठलंही काम अर्धवट राहिल्याचं मला आठवत नाही. नंतर त्या निवृत्त झाल्या, असं कॉलेजातून कळलं. मला परदेशातल्या त्या प्रयोगशाळेत जागा मिळाली आणि आता तिथून परतही आले आहे. दर जुलैत माझं विवरणपत्र भरताना मी फोन जवळ ठेवते. तो त्यांच्याकडून आलेला नाही, आणि मीही केलेला नाही.